पोलीस सरकारचे, शाळा मुन्शिपालटीच्या

आमचे थोरले काका मुन्शिपालटीच्या शाळेत मास्तर होते. चाळीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. दूधवाल्यापासून घरमालकाच्या भय्यापर्यंत सगळ्यांचे ते गुरुजी. संध्याकाळी शाळेतून आले की कोट खुंटीला, टोपी कोटावर, आणि काकांची स्वारी गॅलरीतल्या आरामखुर्चीत. काकी चहा आणि दोन खारी आणून ठेवायची. ‘नवाकाळ’ वाचून झाला की आम्हा पोरांना गोष्टी. त्यातली त्यांची सर्वांत आवडती गोष्ट राजाराणीची नव्हती, कायद्याची होती. लालबाग-परळच्या सांध्यावरच्या त्या चाळीत गिरणीतून दमून आलेले बाप्येही ती ऐकायला येऊन टेकायचे, यावरून काकांची सांगण्याची हातोटी लक्षात यावी.

ती गोष्ट अशी. या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे काकांच्या शतकाच्या, मुंबईच्या पोलिसांच्या खर्चाचा भार मुन्शिपालटीवर होता. पोलिसांवर हुकूम चाले सरकारचा आणि पैसे मोजायचे शहराने. फिरोजशा मेहतांसारखी माणसं तिथे बसलेली, ती हे कसं चालू देणार? वर्षानुवर्षं कटकट चालली. शाळांचं म्हणाल तर सरकार आणि मुन्शिपालटी यांची मिळून एक समिती त्या बघायची. शेवटी 1907 मध्ये कायदा होऊन वाटणी झाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलायचा आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शाळा, दवाखाने आणि देवी टोचणं शहराने आपल्या अंगावर घ्यायचं. काका उजवा हात पुढे करून म्हणायचे, “पोलीस सरकारचे.” मग डावा हात, “शाळा मुन्शिपालटीच्या.” आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघायचे, जणू तो सौदा त्यांनी स्वतः जमवला होता.

आजोबा हे ऐकताना काही बोलत नसत. त्यांची 1907 नंतरची आठवण वेगळी होती. त्यांना त्यांच्या वडिलांनी मालवणहून बोटीने मुंबईला आणलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते, आणि शाळेत नाही, गिरणीत घातलं होतं. थ्रॉसल खात्यात भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. नऊ वर्षांवरच्या पोराला अर्ध्या दिवसासाठी कामावर घ्यायला तेव्हाच्या कायद्याची मुभाच होती. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने सहा दिवस कामं बंद ठेवली. सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. आजोबांना त्या दिवसांतलं एवढंच लख्ख आठवत होतं की त्यांच्या आईने त्यांना खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि घरात फक्त पेज होती, मीठसुद्धा आणायला कुणी खाली उतरत नव्हतं. ते तेव्हा आमच्याच गल्लीत राहत होते की चिंचपोकळीच्या पलीकडे, हे त्यांनी दर वेळी निराळं सांगितलं. पण शाळा त्यांनी पाहिली नाही, हे मात्र कधी बदललं नाही. सही करायला ते पन्नाशीत शिकले, धाकट्या मुलाकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून.

आईचं माहेर गिरगावातलं, फणसवाडीतलं. तिथे शिक्षणाच्या गोष्टी निराळ्याच सुरात चालायच्या. आईचे आजोबा निर्णयसागर छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवताना डोळे गेले, पण घरात पोथ्यांचे ढीग. त्या घरात शाळा म्हटलं की पहिलं नाव नाना शंकरशेटांचं. 1849 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या आणि नानांनी त्यांना जागा दिली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आमची कुणी पणजीची आत्या त्या पहिल्या मुलींत होती असं आजी छातीवर हात ठेवून सांगायची. खरं असेल, नसेलही. गिरगावातल्या बऱ्याच घरांत अशी एक आत्या असते. पण नानांचं घेतलेलं नाव उगाच नव्हतं. सरकारला एतद्देशीयांच्या पोरींना शिकवायची घाई नव्हती, तेव्हा शाळा चालवायची कुणी, तर ज्याच्याकडे वाडा आणि वाड्याएवढं मन आहे त्याने. पुढे गिरगावात आर्यन, चिकित्सक अशा संस्था उभ्या राहिल्या. आजोळी गेलं की पणशीकरांकडचं पियूष मिळायचं आणि मामा सहज म्हणायचा, “आमच्याकडे शाळेला काय तोटा!” गिरगावात खरंच तोटा नव्हता. दादरलाही पुढे छबिलदास, किंग जॉर्ज, शिवाजी पार्कचं बालमोहन झालं. तोटा होता तो गिरण्यांच्या भोंग्याच्या हद्दीत.

म्हणूनच 1925 साल आमच्या घरात कुणाच्या जन्मसालासारखं लक्षात ठेवलेलं आहे. त्याआधी 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं आणि ते पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या कौन्सिलात पडलं. दिल्ली-कलकत्त्याने नाही म्हटलं तरी बडोद्याच्या सयाजीरावांनी त्याआधीच आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यानंतर आपापल्या राज्यात ते करून दाखवलं. मग 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात कायदा करवून घेतला, आणि 1920 मध्ये खास मुंबई शहरासाठी वेगळा कायदा झाला. सक्ती लागू करायची की नाही, ते मुन्शिपालटीने ठरवायचं. मुन्शिपालटीने 1925 मध्ये सुरुवात केली ती एफ आणि जी वॉर्डांत. गिरगावात नाही, मलबार हिलवर नाही. परळ, नायगाव, दादर, वरळी इकडे. ज्यांची पोरं गिरण्यांत जात होती तिथेच.

काका त्या वर्षी सहा वर्षांचे. आजीच्या तोंडून ती हकीकत ऐकावी. सक्तीवाला मास्तर चाळीत नावं लिहायला आला तेव्हा ती नळावर होती. कुणीतरी ओरडलं, “मास्तर इले गो!” आजी ओल्या हातांनी वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, “झिलाक शाळेत घाला म्हणतास, मगे घरात खावक कोण देतलो?” मास्तराने वाद घातला नाही. खाली बसला, पाणी मागितलं, काकांच्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाला, “बाई, हा गिरणीत जाणार तर आहेच. त्याआधी चार अक्षरं घेऊन जाऊ दे.” 1922 च्या कायद्याने गिरणीचं दार बारा वर्षांपर्यंत बंद झालं होतं आणि शाळेची सक्ती सहा ते अकरा. तेव्हा आजीनेही हिशेब केला असणार की पोर रिकामं हिंडण्यापेक्षा एका जागी बसलेलं बरं. आत्या मोठी होती, तिला शाळेत घातलं ते कडेवरच्या धाकट्यासकट. वर्गात बाळ रडायला लागलं की बाईच त्याला उचलून घेत, असं आत्या म्हातारपणी सांगायची. तिला चौथीपर्यंत जमलं. तेवढ्यावर तिने आयुष्यभर ‘पांडवप्रताप’ वाचला, आणि चाळीतल्या बायकांची गावाकडची पत्रं लिहिली. खानावळवाल्या काकूचा हिशेबही तीच ठेवायची: कुणाचं किती जेवण, कुणी पगाराला फेडलं, कुणाचा बांगडा उधार.

काकांना शाळेची गोडी लागली. ते सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि ज्या खात्याने त्यांना घरातून उचलून नेलं होतं, त्याच खात्यात मास्तर म्हणून लागले. पहिल्या पगारातून त्यांनी आजीला नऊवारी आणि स्वतःला ‘महात्मा फुले’ चरित्र आणलं म्हणतात. ते पुस्तक नेमकं कोणाचं होतं ते आता घरात कुणाला सांगता येत नाही, पण काकांच्या बोलण्यात जोतिराव सतत यायचे. 1882 मध्ये फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं, ते काकांना जवळजवळ पाठ होतं. गरिबांच्या करांतून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे फुल्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितलं. आणि त्यातच एक बारीक गोष्ट होती, ती काका बोट वर करून सांगायचे. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च मुन्शिपालट्यांनी द्यावा, असं फुले म्हणाले, पण शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, वर सरकारी शिक्षण खात्याची देखरेख हवी. फुल्यांना मुन्शिपालट्यांत बसलेली माणसं ठाऊक होती. खेड्यातल्या, खालच्या म्हणवल्या गेलेल्या जातींच्या पोरांसाठी त्या माणसांच्या मनात किती जागा आहे, हेही ठाऊक होतं. काकांनी इथे नेहमी थांबावं आणि म्हणावं, “पैसा जवळच्याने द्यावा, नजर लांबच्याने ठेवावी.” हे फुल्यांचे शब्द नव्हेत, काकांनी काढलेलं सार. मला अजूनही ते पटतं.

स्वातंत्र्यानंतरचा कारभार काकांनी आतून पाहिला. त्यांना पगार कॉर्पोरेशनचा. अभ्यासक्रम राज्य सरकारचा. 1967 च्या जानेवारीत पुण्याला ‘बालभारती’ निघाली आणि पाठ्यपुस्तकं राज्याची झाली. माझ्या धाकट्या भावाच्या हातात ती पुस्तकं आली तेव्हा काका पानं हुंगत बसले होते. त्याआधी वर्गात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखी पुस्तकं असत. सातवीनंतर मुन्शिपालटीचं मूल कुठे जायचं, तर बहुतेक वेळा खासगी संस्थेच्या हायस्कुलात: इमारत संस्थेची, मास्तरांचा पगार सरकारी अनुदानाचा, परीक्षा राज्याच्या बोर्डाची. मी परळच्या अशाच एका हायस्कुलात गेले. वडिलांचं उत्पन्न वर्षाला बाराशेच्या आत दाखवणारा दाखला मिळाला की ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीमाफी; त्या दाखल्यासाठी वडिलांनी एक पाळी बुडवल्याचं मला स्पष्ट आठवतं. ज्यांना दिवसा जमेना त्यांच्यासाठी रात्रशाळा. ना. म. जोशींनी 1911 मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात त्या चालवल्या, आणि सुटीनंतर तेलकट हातांनी पुस्तक धरणारे बाप्ये मी दामोदर हॉलकडून जाताना पाहिले आहेत.

आणि दर दहा वर्षांनी खानेसुमारी. ती दिल्लीची. काकांनी 1961 ची केली, 1971 चीही केली. तपकिरी पिशवी, दौत-टाक जाऊन आलेलं बॉलपेन, आणि चाळीमागून चाळ. निवडणूक आली की मतपेट्यांवर तेच. मुन्शिपालटीचा मास्तर दिल्लीचं, राज्य सरकारचं आणि कॉर्पोरेशनचं अशी तीन घरची कामं करायचा, आणि त्या दिवसांत वर्गात पोरं एकमेकांना पाढे म्हणून दाखवत बसायची. काकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला मात्र ती आज करावीशी वाटते, कारण हे अजून चालू आहे.

आमच्या घरी दाराच्या मागे तारेचा एक आकडा होता. त्यात वडील पावत्या टोचून ठेवायचे: विजेच्या, वाण्याच्या, आणि महिन्याची भाडेपावती. ती पावती मी पुष्कळ वेळा वाचली आहे, कारण वाचता यायला लागल्यावर मूल हाती येईल ते वाचतं. वर घरमालकाचं नाव, खाली खोलीचा नंबर, मग भाडं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत शिक्षण कर. चार आणे असो की आठ, गिरणीतला माणूस दर महिन्याला शाळेसाठी पैसे देत होता आणि ते कागदावर लिहिलेलं होतं. आज मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात दोन ओळी असतात, एक महापालिकेच्या शिक्षण उपकराची आणि दुसरी राज्याच्या. राज्याचा तो 1962 च्या कायद्याने बसला आणि पालिका तो राज्यासाठी गोळा करते. आणि माझ्या मुलाच्या प्राप्तिकरावर केंद्राचा शिक्षण उपकर, 2004 पासून. तेव्हा शाळा कुणाची, या प्रश्नाला आमच्या घरापुरतं उत्तर सोपं आहे. पैसे तिघांनाही आम्हीच दिलेत.

काका निवृत्त झाले तेव्हाच दिल्लीत घटना बदलली होती. मूळ घटनेत शिक्षण राज्यांच्या यादीत होतं. आणीबाणीत 42 वी दुरुस्ती झाली आणि 1977 च्या जानेवारीपासून ते केंद्र आणि राज्य दोघांच्या, समवर्ती यादीत गेलं. काकांच्या निरोपसमारंभाचा हार अजून सुकायचा होता. गॅलरीत कुणीतरी विचारलं, “गुरुजी, ह्याने काय होईल?” काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घटनेने 1950 मध्ये लिहिलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देऊ. ते साठ साली व्हायचं होतं. आता लिहिणारे दोघे झाले, करणारा कोण ते बघायचं.” शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला तो 2002 च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. काका तोवर नव्हते.

मधल्या काळात गिरणगाव मोडलं. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेला गिरण्यांचा संप मी लिहीत बसले तर हा लेख त्याचाच होईल. शाळांपुरतं सांगते. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतली कित्येक मुलं गावी गेली आणि परतली नाहीत, आणि जी राहिली त्यांना शेवटचा आधार होता तो पालिकेच्या शाळेचाच, कारण तिथे फी मागायला कुणी उभं नव्हतं. 1995 मध्ये केंद्राची पोषण आहाराची योजना आली. सुरुवातीला हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. चाळीतल्या बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि त्या भाताला वास येतो म्हणत त्याच्या भाकऱ्या करायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी सुरू झाली. आमच्या शेजारची वहिनी बचत गटात होती. पहाटे उठून मोठ्या टोपात मूगडाळीची खिचडी करायची, वर कढीपत्त्याची फोडणी. धान्य दिल्लीचं, खर्चात राज्याचा वाटा, पातेलं उचलायला लालबागच्या बायका. एकदा बिलाचे पैसे बरेच महिने अडकले. वहिनी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरली. प्रत्येक टेबलावर उत्तर एकच, “ते आमच्याकडे नाही, वरून यायचंय.” तिने वाण्याकडून उधारीवर डाळ आणली आणि खिचडी चालू ठेवली. ती म्हणायची, “पोरांना काय सांगू, वरून यायचंय म्हणून?”

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. 1907 ची वाटणी कोरडी होती, व्यवहाराची होती, पण त्यात एक सोय होती: परळच्या बाईला ठाऊक होतं की पोराच्या शाळेसाठी कुणाच्या दारात जायचं. आता समग्र शिक्षा योजनेत साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे; शिकवणारा पालिकेचा; अभ्यासक्रम राज्याचा; धोरण 2020 चं, दिल्लीचं. पैसा वाढला, पुस्तकं चांगली झाली, आठ भाषांतून पालिका शिकवते, वस्तू मोफत देते, सी.बी.एस.ई.च्या शाळाही काढते. हे सगळं मी मनापासून चांगलं म्हणते. पण मराठी माध्यमाचा एक वर्ग पटाअभावी बंद होतो तेव्हा जबाबदार कोण, हे कुणाला विचारायचं? 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. शिक्षण समितीही नाही, वॉर्डातला नगरसेवकही नाही. ज्या जवळच्याने पैसा द्यावा आणि उत्तरही द्यावं, तोच जागेवर नव्हता. टॉवर झाले, गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, हे लोक हळहळून सांगतात. शाळेचा वर्ग गेला हे सांगणारे कमी.

माझं मत सरळ आहे. दिल्लीने पैसा द्यावा आणि हक्काचा कायदा राखावा, राज्याने पुस्तक आणि परीक्षा सांभाळावी, पण शाळा ही वॉर्डाचीच असली पाहिजे, आणि तिच्याबद्दल उत्तर देणारा माणूस चालत जाऊन गाठता आला पाहिजे.

हक्काच्या कायद्याने त्यासाठी एक दार उघडं ठेवलं आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. पालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदान कसं खर्च होतं तेही हीच बघते. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचं मूल, इमारतीच्या वॉचमनचं मूल, तुमच्याच गल्लीतल्या पालिकेच्या शाळेत जात असेल. त्यांना या समितीचं सांगा, सभेची तारीख विचारून द्या, अर्ज लिहायला हात लावा. आणि तुमच्या घरातलं कुणी त्या शाळेत शिकलेलं असेल, जसे आमचे काका, आमची आत्या, मी, तर जूनमध्ये शाळा उघडली की एकदा स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.